रकाना अकरा

रुजू होण्याचा फॉर्म पाच पानी.
नाव: हेमलता झामाजी डहारे.
बँकेचा खाते क्रमांक दोनदा,
म्हणजे विद्यावेतन वाट चुकणार नाही.
रकाना अकरा: गोड्या पाण्यावरील कामाचा पूर्वानुभव.
मी पेन टेकवलं, उचललं,
आणि लिहिलं, नाही.

उपगन्लावार मॅडमनी वर न बघता शिक्का मारला.
बाहेर नागपूरचा मे,
आत कूलरच्या ताट्यांचा ओला वास,
भिंतीवर पूर्व विदर्भाचा नकाशा,
कुणी निळ्या शाईचं पेन झटकावं तसे तलाव.
रामटेकच्या खाली मी बोट फिरवलं.
आमचा नव्हता.
दोनदा फिरवलं.

रात्री बाबा फोनवर:
"पैसे देऊन शिकवतेत?
अन् शिकाचं काय, पाणी?"
हो म्हटलं.
"पाणी त काय शिकाव लागते वं!"
मग जरा थांबून,
"शिक. बुडू नोको म्हंजे झालं."

दुसऱ्या आठवड्यात पारडीचा पूल.
नाग नदीत दोरीनं बादली सोडायची,
काचेची बाटली काठोकाठ भरायची,
बुडबुडा एकही राहता कामा नये,
बुडबुडा खोटं बोलतो.
इरफाननं नाकाला रुमाल बांधलेला.
ऑटोवाला वेग कमी करून ओरडला,
"सोनं सापडलं का बे?"

मग दोन द्रावणं, पिपेट बुडवून, हळू.
ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी पडतो.
अंबाझरीच्या नमुन्यात पडला होता,
गुळाच्या कोऱ्या चहासारखा.
नसेल तर पांढरा.

पांढरा पडला.
धुऊन निळीत काढल्यासारखा पांढरा.
त्या पुलावर तेवढं स्वच्छ
दुसरं काही नव्हतं.

इरफान आकडा लिहीत होता: शून्य.
आणि मी भाद्रपदातल्या एका पहाटेत उभी,
तीन दिवस ऊन नाही,
बाबा डोंग्यात, तलावाकडे कान करून.
रोहू, कतला तोंडं वर काढून
पाण्याच्या कातडीला चुप चुप चावत होते.
"पाणी दमलं," बाबा म्हणाले,
एवढंच,
आणि आम्ही तिघं भावंडं
वल्ह्यानं, घमेल्यानं, हातांनी
उजाडेपर्यंत पाणी बडवत राहिलो.
नऊ वर्षांची होते.
दोन दिवस खांदे वर जात नव्हते.

फॉर्म केव्हाच दिल्लीला गेला होता.

चार महिने विद्यावेतन आलं नाही.
खोलीवालीला मी कागद दाखवायचे,
ती कागदावरचे सिंह बघून
आठ दिवस गप्प बसायची.
पाचव्या महिन्यात सगळं एकदम आलं.
नवं जाळं घेऊ का विचारलं तर बाबांनी
बोटुकली मागितली, दोन हजार नग.
माझ्या पहिल्या कमाईला कल्ले होते,
ती ऑक्सिजनच्या पिशव्यांत बसून
रामटेकच्या एसटीनं गेली.

त्याच एसटीनं उत्तर आलं.
कंडक्टरच्या हाती कोल्ड्रिंकची बाटली,
ओल्या पंचात गुंडाळलेली,
आत आमचा तलाव.
"तपास अन् सांग."

नियम असा की नमुना काठावरच बांधावा,
बर्फात ठेवावा, वेळ लिहावी.
ही उन्हातून दोन तास आली होती,
वरचा चौथा हिस्सा रिकामा,
म्हणजे एक मोठा बुडबुडाच.
रजिस्टरात चढवण्याजोगं काही नाही.
बाबांना हे कसं सांगावं
ते पाच पानांत कुठं विचारलं नव्हतं.

खिडकीशी धरली.
मिठाच्या खड्याहून लहान एक पाणपिसू
झटके देत वर चढत होती,
घसरत होती,
परत.

झिंगरूजी काचसामान गोळा करत आले.
"हे फेकू काय, मॅडम?"
मॅडम कोण ते कळायला मला क्षणभर लागला.
"राहू द्या," म्हटलं,
आणि झाकण थोडं सैल केलं.