चौथा तुकडा

पाकिटात एक तुकडा निघायचा,
चार जमले की हिरो पुरा.
हर्णैत टोपी सगळ्यांकडे,
बूट माझ्याकडेच सात,
पिस्तुलाचा हात मूठभर सोड्यांना मिळे.
तोंड एकट्या मेहरूनकडे.
देईना.

रविवारी बर्फाच्या कारखान्यात टीव्ही.
दाजी पावसे कौलांवर, अँटेना धरून:
"आलं काय रे?"
"मुंग्याच! अजून किल्ल्याकडे!"
त्याने शेवट कधी पाहिलाच नाही,
आम्ही सांगू तो खरा.
एकदा हिरो मेला म्हणालो, गमतीत.
दाजी उतरलाच नाही अंधार पडेपर्यंत.

मेहरून लग्न होऊन कुवेतला. तोंडासकट.

परवा बंदरावर दुकानदाराने
सुट्टे नाहीत म्हणून गोळी दिली.
गोळी पोरीला दिली.
कागद मात्र मी
आधी उलटून पाहिला.