बेचाळिसावी पायरी

पडलो तेव्हा खांद्यावर सिलिंडर नव्हता.
हे मी आधीच सांगून टाकतो,
कारण वाल्पारायसोत जो तो विचारतो:
कितीचा होता, पंधराचा की पंचेचाळीसचा?
हात रिकामे होते. शीळ घालत उतरत होतो.
सव्वीस वर्षं या टेकडीनं मला ओझ्यासकट सांभाळलं
आणि मोकळा दिसल्यावर
घरापासून बेचाळिसाव्या पायरीवर सोडून दिलं.

आवाज आला, शिळा पाव मोडावा तसा.
समोरचं कुत्रं उठून बसलं.

डॉक्टरांनी घोट्यात एक पट्टी घातली, सात स्क्रू.
यास्ना, माझी मुलगी, एक्सरे उजेडाकडे धरून म्हणाली,
बाबा, ही तर आपल्या दाराची बिजागरी.
तेव्हापासून घरात माझ्या पायाचं हेच नाव.
समुद्रावरून धुकं चढायला लागलं
की बिजागरीला आधी कळतं,
बंदरातल्या भोंग्याला नंतर.

प्लास्टर कापलं त्या दिवशी
आतून कुणा म्हाताऱ्याचा पाय निघाला.
पांढराफटक, पोटरी वितळलेली, कातडीला पापुद्रे.
मी त्याला ओळख दाखवली नाही.
त्यानंही नाही.

फिजिओवाली रायेन म्हणते,
अंगठ्यानं हवेत अक्षरं काढा,
रोज तीन वेळा, अख्खी वर्णमाला.
शाळा मी तिसरीत सोडली.
बाईंनी तेव्हा जे घोटून घेतलं नाही
ते आता घोट्याकडून घोटून घेतायत.
'ओ' जमतो. 'एल' म्हणजे नुसतं खाली येणं.
अडतं ते एन्येपाशी.
एनच्या डोक्यावर एक इवलीशी लाट असते,
ती काढताना डोळ्यांत पाणी येतं.
आणि लाट गाळावी
तर आमच्या भाषेत 'वर्ष' या शब्दाचं भलतंच काही होतं.
यास्ना हसत सुटते. काय होतं ते मी सांगणार नाही.

रात्री झोप नसते तेव्हा पायऱ्या मोजतो.
चढताना एकशे अठरा भरतात, उतरताना एकशे सतरा.
सव्वीस वर्षांत हे कोडं सुटलं नाही.

सकाळी नवा पोरगा येतो.
सिलिंडरवर पाना आपटतो,
टणटणटणटण, दम न घेता.
माझी खूण वेगळी होती: दोन जवळजवळ, मग एक लांब.
दोन्या एदेल्मिरा तिसऱ्या ठोक्याआधी दार उघडायची,
कठड्यावर चहाचा कप ठेवायची.
आता ती खिडकीतून ओरडते, अरे, आग लागली का कुठं?
मला बरं वाटतं.
मग बरं वाटल्याची लाज वाटते.
मग पुन्हा बरं वाटतं.

नवव्या आठवड्यात काठी घेऊन उंबऱ्याबाहेर.
रायेनचा मंत्र: चांगला पाय स्वर्गात आधी,
वाईट पाय नरकात आधी.
म्हणजे उतरताना दुखरा पुढे.
ज्यानं दगा दिला त्यालाच पुढे घालायचं
आणि धडधाकटानं मागे गुडघ्यात वाकून
त्याची वाट बघायची.
पायरी. काठी. श्वास. पायरी.
दप्तरवाली एक मुलगी दोनदा खाली जाऊन वर आली
तेवढ्यात माझ्या अकरा झाल्या.

एकेचाळिसावीवर बसलो.
खालून पोरगा येत होता, खांद्यावर पंधराचा, मान लाल.
म्हटलं, जपून रे, समोरची डुगडुगते.
"माहितीये," तो म्हणाला, न थांबता,
"ती नोल्बेर्तोची पायरी."
आणि तिला ओलांडून, मलाही वळसा घालून, वर गेला.
मी कोण, त्याला कुठं ठाऊक!

वाकून बघितलं.
फटीत कुणीतरी पुठ्ठ्याची घडी खुपसली होती,
भिजून लगदा झालेली.
दुखरा पाय खाली सोडला, आधी अंगठा, मग टाच,
आणि कठडा धरून उठलो.
ती किंचित हलली. बिजागरीही.

वर टणटणटणटण सुरू झालं.
हात शिवशिवले. काठी उचलायची,
लोखंडी कठड्यावर दोन जवळजवळ, एक लांब,
एवढंच तर होतं.
पण तेव्हा मी बेचाळिसावीवर उभा होतो,
आणि काठीवरच उभा होतो.