गिरणीवरची पाटी

रविवारचा बाजार उठला की
लुमाण्णा देवलत्तीकर हातांवरचं पीठ झटकतो
आणि गिरणीच्या दारातली पाटी ओल्या फडक्यानं पुसून
पुढचा आठवडा काढायला बसतो.
काढायला म्हणजे चित्रंच काढायला.

पूर्वी लिहायचा.
मराठीत लिहिलं तेव्हा एकजण येऊन अक्षरं मोजून गेला,
कन्नडात लिहिलं तेव्हा दुसरा.
तेव्हापासून ऊन म्हणजे भाकरी,
ढग म्हणजे फुगलेलं पोतं,
पोत्याला भोक पडलं की पाऊस.
धुक्याला चित्र सापडलं नाही; तिथं तो
पिठाचा पंजा उमटवतो.

धारवाडचं स्टेशन सांगतं, उत्तर कर्नाटकाचा आतला भाग कोरडा.
सांगलीचं सांगतं, घाटमाथ्यावर तुरळक.
पणजीचं लागलं तर लागतं,
तेही समुद्राबद्दलच बोलत राहतं.
खानापूर कुणाच्याच तोंडी येत नाही.
मग लुमाण्णा तिघांनाही चाळून घेतो,
चाळणीत काय राहिलं ते बघतो,
आणि जांबोटीकडून आलेल्या दुधाच्या गाडीला विचारतो,
'टप भिजलाय काय गा?'

सुगीचे दिवस. इंटान पिवळं होऊन वाकलेलं,
कापावं तर आभाळ, ठेवावं तर डुकरं.
रांगेत माझा डबा सातवा होता.
सोमवारी पंजा, मंगळवारी पंजा,
बुधवारी भाकरी,
गुरुवारी तिच्याहून मोठी, तव्यात न मावणारी.
शुक्रवारी खडू थांबला.
'शुक्रवार मला दिसंना झालाय,' म्हणाला
आणि रिकामाच सोडला.

तोपिनकट्टीच्या निंगव्वानं बोटांच्या पेरांवर मोजलं:
बुधवारी कापायचं, गुरुवारी वाळत ठेवायचं.
पिठाची पिशवी डोक्यावर घेऊन गेली.

बुधवार चित्रासारखाच उगवला.
गुरुवारी दुपारी साडेतीनला भाकरी करपली.
पाऊण तास.
स्टेशन रोडला एक थेंब नाही,
तोपिनकट्टीत मात्र नेम धरल्यासारखा,
शेजारचं उभं भात हसत होतं
आणि निंगव्वाचं आडवं, पाण्यात.

शनिवारी ती आली.
लुमाण्णानं पट्टा बंद केला.
गिरणी थांबली की इतकं ऐकू येतं
हे आम्हाला माहीत नव्हतं.
तिनं ओच्यातून मूठभर भात काढून तागडीत टाकलं.
कोंब आले होते, पांढरे, उंदराच्या दातांएवढे.
'वजन भरतंय बघ की,' म्हणाली,
'पाण्याचं बी दळणाचं पैसे घेतोस काय?'

हसावं की कसं, कुणाला कळेना.
त्यानं तिची नाचणी दळून दिली,
पैसेही घेतले, सगळे,
नसते घेतले तर ती पुन्हा आली नसती.

जाताना पाटीसमोर उभी राहिली.
गुरुवारच्या भाकरीत करंगळीच्या नखानं
एक भोक पाडलं,
नीट, गोल,
दोन दिवस उशिरा.

आता कितीही कडक ऊन असो,
लुमाण्णा प्रत्येक भाकरीला एक बारीक भोक ठेवतो.
नव्यानं आलेलं गिऱ्हाईक विचारतं, 'हे काय?'
'वाफ जायला,' म्हणतो,
आणि पट्टा चढवतो.