बटू

अकरा हजार दोनशे सात फोटॉन.
चार दिवस उपग्रह एकाच ठिपक्याकडे बघत होता,
मध्ये मध्ये पृथ्वी आडवी आली,
तेवढ्या जागा रिकाम्या.
इथे नेव्ही नगरच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर,
मी ते वेळेनुसार ओळीत लावते.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.

गोळविलकर सर म्हणतात, वैती, घाई नको.
लांबची एखादी दीर्घिकाही अशीच दिसते,
एखादा तापट तरुण ताराही.

श्वेत बटू हा शब्द अकरावीत भेटला.
आमच्यात मुंज नसते.
बटू म्हणजे काय ते बाकावरच्या बापटने सांगितलं :
गोटा, लंगोटी, हातात झोळी,
भवति भिक्षां देहि.
मला वाटलं, बरं नाव ठेवलंय.
विझलेला तारा, पृथ्वीएवढाच,
शेजारणीच्या दारात उभा.

पण हा मागत नाही.
हा ओढतो.
तिच्या अंगचा वायू धारेला लागतो,
चुंबकाने आखलेल्या वाटेने ध्रुवावर कोसळतो
आणि टेकायच्या आत दहा कोटी अंशांवर जातो.
त्या आपटण्याचे हे क्ष-किरण,
जे हवेतून खाली उतरतच नाहीत.

आई पहाटे चारला ससून डॉकवर.
पापलेट चकाकतं म्हणून घेत नाही,
कल्ला उघडते, आत लाल आहे का बघते.
बरफ लावला की कुणीपण चकाकतं, म्हणते.

मी वर्णपट उघडते.
लोखंडाच्या जागी फुगवटा.
एक? की एकमेकींना चिकटलेल्या तीन रेषा?
सहा पॉइंट चार : थंड लोखंड, बटूच्या अंगावरून उलटलेली झळ.
सहा पॉइंट सात : दोनच इलेक्ट्रॉन उरलेलं.
सातच्या जरा अलीकडे : एकच.

तीन पावलं.
बापटने तीही गोष्ट सांगितली होती.
आमच्या घरी दिवाळीला बळीचंच नाव घेतात.

आणि दर आठशे एकेचाळीस सेकंदांनी
उजेड चढतो, उतरतो.
फिरतोय.
मी खुर्चीतून उठले, परत बसले :
उपग्रहाच्या फेरीचा सातवा हिस्सा, आठशे एकतीस.
फार जवळ.
मी कदाचित माझीच भोकं मोजत होते.

मग रिकाम्या जागा तशाच ठेवून
फोटॉन पत्त्यांसारखे पिसले, हजार वेळा.
शिखर गेलं.
ज्याच्या त्याच्या वेळेवर परत लावले.
आलं.

तक्त्यात भरलं. नाव : नाही, आकाशातली जागा फक्त.
आवर्तन : ८४१.
प्रकार : श्वेत बटू, चुंबकीय,
पुढे प्रश्नचिन्ह. सर म्हणाले, राहू दे ते.
जोडीदार या रकान्यात
लिहिलं, अज्ञात.
मग खोडलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.

बादली काठोकाठ आली होती.
दोन्ही हातांनी उचलली,
तरी जिन्यावर थोडी सांडलीच.