माझा काकण

शेपूट गोल वळलेलं, म्हणून काकण.
नाव पोदेर आगुस्तीनने ठेवलं.
टोपलीतलं कडक पावाचं काकण
त्याच्या शेपटीला लावून बघितलं
आणि म्हणाला, पळय, सारकें.
हे नाव कधी भर बाजारात ओरडावं लागेल
असं तेव्हा कुणाच्या मनात येणार?
तेही म्हापशात. तेही शुक्रवारी.

काल रात्री क्रुसाच्या फेस्ताला फटाके उडाले.
तिसऱ्या आवाजाला तो पलंगाखालून निघाला,
चौथ्याला फाटकाबाहेर.
पाचवा मी रस्त्यावर ऐकला, अनवाणी.

माझा काकण हरवलाय, मी सांगते.
माझं काकण म्हण गे, मिरचीवाली दुरुस्त करते
आणि लगेच खाली बघते,
पोतं सरकवते.
माणसं वाकतात.
एक म्हातारा छत्रीच्या टोकानं
गटाराची जाळी ढवळतो.
किती तोळ्यांचं?
अठरा किलोचा.
सगळे एकदम ताठ.
अगे, सुणो शेणला तिचो!

शेणप म्हणजे हरवणं.
लग्न होऊन आले तेव्हा हसून पुरेवाट झाली होती.
आमच्या गुहागरला शेण गोठ्यात असतं,
इथे किल्ल्या शेणतात, छत्र्या शेणतात,
एका सोयरिकीत तर अख्खा नवरामुलगा शेणला होता.
आज सकाळपासून अकरा जणांनी विचारलं, शेणलो?
शेणलो, म्हटलं.
माझ्याच तोंडून, अगदी इथल्यासारखं.

चोरीसांच्या माळांखाली कुत्र्यांची सभाच भरलेली.
एस्पेरांसा चाकू पुसत म्हणाली,
तांबडा? सगळेच तांबडे.
कान फाटका? कोणाचा धड आहे, दाखव.
खरंच, त्याचं निराळं काय ते सांगता येईना.
मी हाताचा गोल करून शेपूट दाखवलं.
पलीकडून कासारीण म्हणाली,
दोन-सहा.
माप न घेताच.

आणि हाक तरी कशी मारतात त्याला?
घरात कधी मारलीच नाही.
पेजेच्या टोपावर डाव आपटला की हजर.
म्हणून डाव आणलाय पिशवीतून, आणि झाकण.
मोयऱ्याच्या केळ्यांपाशी आपटते,
मिठाच्या ढिगापाशी, मडक्यांपाशी.
कुणीतरी दोन रुपये ठेवले झाकणावर.
मी ते घेतले.
पुन्हा आपटायला झाकण रिकामं हवं होतं.

शिरील पायलटने मोटारसायकलवर मागे बसवून
खोर्लीला नेलं, तारीच्या पुलाशी,
करासवाड्याच्या नाक्यावर,
मग कदंबच्या स्टँडवर, जिथे दर बसखाली
एकेक कुत्रं झोपलेलं, चाकाला पाठ लावून.
मी वाकून वाकून सगळी बघितली.
पणजीच्या बसचा ड्रायव्हर बस सुरू करून थांबला,
झालं? म्हणाला,
आणि झालं म्हटल्यावर गेला.
शिरीलने पन्नास रुपये घेतले, मोजून.
पण सबंध वाटेत हॉर्न दिला नाही.
वळणावरही नाही.
तुजी हांक वचपाक जाय न्हय गे, म्हणाला.

संध्याकाळी झेरॉक्सवाल्याकडे कागद काढले.
फोटो होता, त्याचा काळा डाग झाला.
खाली मी सांगितलं, लिही:
काकण हरवला आहे. आणणाऱ्यास बक्षीस.
त्यानं मान हलवली, टाइप केलं.
चाळीस कागद खांबांना चिकटवून झाल्यावर
शेवटचा नीट वाचला.
काकण हरवले आहे.
शिकलेला मुलगा. चूक राहू दिली नाही.

रात्री साडेनऊला फोन.
बाईचा आवाज, लांबचा, मागे भांडी.
बाय, तुमचें काकण मेळ्ळां.
मी उभी राहिले. डाव हातातच होता.
कसा आहे? लागलंय का कुठे?
ना गे, फुटूंक ना.
काचेचें. पाचवें.

पलीकडे ती थांबून राहिली.
बक्षिसासाठी नसावी, नुसतीच.
ठेव तुझ्याकडे, मी म्हटलं.
मग म्हटलं, थांब, ठेवू नको फोन.
कुठे सापडलं?
आणि तिथे,
आजूबाजूला,
दुसरं काही होतं?