वाटणीचं इतिवृत्त

इतिवृत्त मी लिहीत होते, म्हणून मला ठाऊक आहे
कोण किती वेळ गप्प होतं.

बोडो. जाळ्यांच्या दुकानावरची खोली.
फेब्रुवारी, दुपारी तीनलाच दिवे लावलेले.
आम्ही सात जण, आणि पडद्यावर ग्दान्स्कचा वात्स्वाफ,
ज्याचा आवाज ओठांच्या मागून येत होता.

प्रकल्प एवढासाच : भरती-ओहोटीचं गणित.
चंद्र कुठे, सूर्य कुठे, खाडीचा तळ कसा,
आणि त्यावरून पाणी चढायचं नेमकं मिनिट.
बावीस वर्षांपूर्वी हालवार्डनं पहिली ओळ लिहिली,
वडिलांच्या बोटीवर, अंगात ताप असताना.
ही गोष्ट तो सांगतो. त्या दिवशीही सांगितली.

किल्ली त्याच्याकडे. कुणाचा बदल आत घ्यायचा, कुणाचा नाही,
तो ठरवायचा; कधी दोन तासांत, कधी आठ महिन्यांनी,
कधी नुसतं "नको", आणि पुढे पूर्णविराम.
ज्याच्या हाती ससा तो पारधी.
पण ससा आपण सगळ्यांनी वाढवलाय, असं ओड्नी म्हणाली
तेव्हा त्यानं चष्मा पुसायला घेतला.

ठराव : पाच जणांचं मंडळ, दोन वर्षांची मुदत,
दोघांच्या संमतीशिवाय काही आत नाही.
कलम चारमध्ये "संस्थापक"च्या आधी "माजी" हवं का,
यावर एक तास दहा मिनिटं.
कॉफी संपली. कुणी म्हणालं हुकूमशहा, कुणी म्हणालं कृतघ्न.
मी दोन्ही शब्द लिहिले. मग पहिला खोडला.
मग दुसराही.

शेवटी हालवार्ड उठला. "मांडा तुमची वेगळी चूल."
दार आपटलं नाही;
त्या दाराला खाली रबर आहे.

आणि वाटणी अशी, की कुठल्या भावांची झाली नसेल :
घर दोघांनाही अख्खं.
प्रत्येक भिंत, प्रत्येक खिळा, गळका नळसुद्धा,
कुणाचं कणभर कमी न होता.
नाव तेवढं त्याच्याकडे राहिलं.
बांध कोरायला जमीन नाही, मोजणीला माणूस नाही,
तरी ख्रिसमसला कुणी कुणाला फोन केला नाही.

दीड वर्ष दोन्हीकडे पाण्याची वेळ तीच यायची.
चार वाजून बारा. बोटी निघायच्या. त्यांना काय.

मग सालस्ट्राउमेनच्या भोवऱ्याशी सहा मिनिटं चुकू लागली.
आमची. आम्ही काहीतरी सुधारलं होतं.

दुरुस्ती आली : तीन ओळी, खाली पूर्ण नाव.
हालवार्ड. रांगेत एक्केचाळिसावा.
नियम म्हणजे नियम, दोघांची संमती.
नऊ दिवस तो थांबला
आणि नऊ दिवस ती सहा मिनिटं चुकत राहिली.

ओड्नीनं लिहिलं : दुसऱ्या ओळीत एक जागा जास्त सुटलीय, काढावी.
त्यानं काढली.
दुसरी संमती माझी.
मी बराच वेळ
त्याच्या त्या काढलेल्या जागेकडे बघत होते.