रुमालाबाहेर

मार्केट यार्डात बावीस वर्षं दिवाणजी.
डावा कान आधी गेला, उजवा त्याच्याच वाटेवर.
कुणाला बोललो नाही.
मालक काही म्हणाले की हो म्हणायचं.
असंच हो म्हणता म्हणता
सेलमची सात पोती राजापुरीच्या खात्यावर चढली.

सगळे हसले. पायगोंडा हसला नाही.
गोदामाच्या दारात पोती शिवत बसलेला,
दाभण दातात धरून
दोन बोटं त्यानं आपल्या डोळ्यांपाशी नेली, मग माझ्याकडं वळवली.
कान सोड. बघ.

त्याला जन्मापासून ऐकू येत नाही.
यार्डात त्याला मुकं म्हणतात.
मुका नव्हे, मुकं:
जसं पोतं, जसं वजन, जसं माप.
मीही म्हणायचो.

मला वाटलेलं, हातांची भाषा आपल्या घरातलीच.
वडील दलाल. रुमालाखाली हातात हात,
बोट दाबलं की शेकडा, पेर दाबलं की दहा,
आणि वर चेहरा असा मख्ख
की या हाताचा त्या हाताशी संबंधच नाही.
मला त्यांनी तेवढंच शिकवलं: हातचं राखून बोलावं.

पायगोंडा वैतागला माझ्यावर.
'चहा झाला?' मी बरोबर विचारलं होतं,
पण भुवया जागच्या जागी,
त्यामुळं चहा नुसताच झाला, विचारला गेला नाही.
त्यानं दोन्ही अंगठ्यांनी त्या वर ढकलल्या.
प्रश्न इथं असतो.
रात्री बायको म्हणाली, कपाळाला हळद कसली,
कुठल्या देवाला गेला होता?

लाईट गेली की बोलणं बंद.
एकदा ऐन मध्यावर गेली,
तो बहिणीच्या लग्नातलं सांगत होता,
त्याला दारात चपला राखायला बसवलेलं, ते.
तेवढ्यात तासगावकडचा ट्रक वळला,
झोतात दोन हात वर आले
आणि वाक्य पुरं झालं.
काय झालं ते सांगणार नाही. ते त्याचं आहे.

मग त्यानं मला नाव दिलं.
एक बोट कानावरून मागं नेलं, बस्स.
माझ्या अंगाचा तिळपापड.
सगळा माणूस सोडून तुला हेच दिसलं?
दोन दिवस गोदामाकडं फिरकलो नाही.
तिसऱ्या दिवशी खातं उघडलं, पेन्सिल सापडेना,
टेबल पालथं घातलं, पोरावर ओरडलो.
कानावरच होती.

काल संध्याकाळी मी घाटावर,
तो आयर्विन पुलावर, सायकल कठड्याला टेकवून.
मधे कृष्णा, आणि मोटारींचा आवाज,
असणारच.
त्यानं मला नावानं हाक मारली.
मग विचारलं, आज काय दर निघाला?
एवढ्या लांबून भुवया दिसल्या नाहीत, पण होत्या.
मी रुमाल खिशात कोंबला
आणि दोन्ही हात वर करून
अख्ख्या सांगलीदेखत
दर सांगितला.